होळीपर्यंत मऊ

अमरावतीला त्या काळी माणूस दाताच्या डॉक्टरकडे जायचा तो दात ठणकून डोळ्याला डोळा लागेनासा झाला म्हणजे, नाहीतर सगळे दात पडून गेल्यावर कवळी करायला. मधल्या वर्षांत लवंगेचं तेल, मिश्री आणि शेजारपाजारचे सल्ले एवढ्यावर निभत असे. डॉक्टर कमलाकांतांना याचा भारी संताप यायचा. राजकमल चौकाजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. मुंबईला शिकलेला हा माणूस तिथंच राहता तर आज मोटारीतून फिरला असता, असं त्यांचे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पण डॉक्टर गावी परत आले आणि लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून हळूहळू चिडके होत गेले.

खरं म्हणजे त्यांचा जीव दातांत नव्हताच, तो होता दातांखालच्या हाडात. खुर्चीत आ करून बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, ही सोय दाताच्या डॉक्टरइतकी कुणालाच मिळत नाही, आणि कमलाकांत ती पुरेपूर वापरत. दात म्हणजे हाडात ठोकलेला खिळा नव्हे, ते सांगत, तो बारीक तंतूंनी खोबणीत टांगलेला असतो. तुम्ही घास चावता तेव्हा ते तंतू हाडाला ओढतात. ओढ बसली की हाड धडधाकट राहतं. दात गेला की ओढ संपली. मग वरून कवळी बसवा, ती हाडाला नुसती दाबते, आणि हाड दाबलं की ते बिचारं मागं मागं सरत जातं. ऐकणारा घशातून ‘अं अं’ करी. त्याला फक्त दाढ कधी निघते एवढंच हवं असे.

या हाडाच्या वेडापायीच अकोल्याचे बापूसाहेब वकील त्यांच्याकडे आले.

बापूसाहेबांचे दात पायोरियानं पन्नाशीच्या आतच नेले होते. वरची कवळी टाळूला चिकटून राही, पण खालचं हाड झिजून झिजून इतकं सपाट झालं होतं की खालच्या कवळीला बसायला जागाच नव्हती. ती जिभेनं दाबून धरायची आणि तिच्या वरून बोलायचं, असा सर्कशीतला खेळ ते अकोल्याच्या कोर्टात रोज करत. एकुलती एक मुलगी, कुंदा. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आईची आणि बापाची अशी दोन्ही माया त्यांनी एकट्यानं केली आणि अमरावतीचं स्थळ पाहून तिचं लग्न लावून दिलं. त्या लग्नातच घोटाळा झाला. व्याह्यांच्या पंगतीत आग्रह करायला बापूसाहेब स्वतः उभे राहिले, “सावकाश होऊ द्या, व्याहीबुवा,” असं तोंड भरून म्हणाले, आणि खालची कवळी सुटून थेट व्याह्यांच्या कढीच्या वाटीत पडली.

पंगत हसून हसून लोळली. कुंदाला सासरी त्या दिवसापासून नाव पडलं ‘कढीवाल्या वकिलाची पोर’. सासू जाईबाई तर पाहुण्यांना सून दाखवायची ती याच नावानं.

त्यानंतर बापूसाहेब व्याह्यांच्या दारात गेले की ओट्यावर बसून पाच मिनिटांत परत फिरत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत त्यांच्या पथ्यावरच पडली होती. लग्नाला काही वर्षं झाली तरी कुंदाला मूल नव्हतं. बाप म्हणून त्यांना याचं दुःख होतं आणि कवळीवाला माणूस म्हणून मनातून सुटल्यासारखंही वाटे, आणि असं वाटल्याची लाज त्या दोन्हींपेक्षा मोठी होती. मग त्या उन्हाळ्यात कुंदाला दिवस गेल्याचा निरोप आला.

“आता मूल होईन,” बापूसाहेब डॉक्टरांच्या खुर्चीत ताठ बसून म्हणाले. “मंग ते मले जेवाले बसवतीन. पोरीच्या घरचं पयलं जेवण. त्या पंगतीत मी काय करू, डाक्टर? खीर पिऊन उठू? जाईबाई म्हणंन, वकीलबुवा आमच्या अन्नाले नावं ठेवून राहिले. अन् कवळी घालून बसलो तर पुन्हा कढी!”

डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पाटीसारखं सपाट. कवळी कितीही चांगली केली तरी इथं ती टिकणार नव्हती.

“एक उपाय आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला. “पण तो वऱ्हाडात अजून कुणी केलेला नाही.”

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी ही शस्त्रक्रिया जवळ उभं राहून पाहिली होती. हिरडी उघडायची, खालच्या हाडाचंच माप घ्यायचं आणि त्या मापाबरहुकूम धातूची एक नाजूक जाळी ओतवून आणायची. पुन्हा हिरडी उघडून ती हाडावर बसवायची आणि वरून शिवून टाकायची. जाळीचे चार खुंट तेवढे हिरडीतून वर डोकावतात. त्या खुंटांवर दात बसतात. मग ते पडत नाहीत, जीभ मोकळी राहते, माणूस माणसासारखा बोलतो. ही गोष्ट आपल्या गावात आपल्या हातून व्हावी, ही कमलाकांतांची कितीतरी वर्षांची आस होती. तिच्यापायी त्यांनी परदेशी मासिकं मागवली, मेंढ्यांचे जबडे आणून घरात उकळले आणि बायकोची, विमलची, बोलणी खाल्ली.

“दुखते काय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“दुखेल.”

“मंग करा. कढीपेक्षा कमीच दुखंन.”

श्रावणात हाडाचं माप घेतलं आणि भाद्रपदात जाळी बसवली. बापूसाहेबांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. जखमा सुरेख भरून आल्या, चार खुंट गुलाबी हिरडीतून चमकू लागले, आणि डॉक्टर रोज सकाळी उठल्यावर आधी त्या खुंटांचाच विचार करू लागले. दसऱ्याच्या आगेमागे कुंदाला मुलगी झाली; माहेरी करायला कुणी नव्हतं, म्हणून सासरीच.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती लपवली तर डॉक्टरांना उगाच देवत्व येईल. हाड आणि जाळी यांच्यामध्ये मांस घट्ट विणलं जायला वेळ लागतो. मोडलेला हात प्लास्टरात जसा स्वस्थ ठेवतात तशी ही जाळी स्वस्थ राहायला हवी. ती एकदा का डुगडुगू लागली की खालचं हाड तिच्यापासून पळ काढतं. म्हणून खुंटांवर दात बसवायचे ते होळीनंतर, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. पण दिवाळीला बापूसाहेब नातीचं तोंड पाहायला निघाले होते, आणि त्यांनी हातच जोडले. “खात नाई मी. नुसता बोलतो. व्याह्यासमोर एकदा चांगलं बोलू द्या, डाक्टर.” डॉक्टरांनाही तो क्षण डोळ्यांनी पाहायचा होता. होळी फार लांब वाटत होती. त्यांनी दात बसवले.

बापूसाहेबांनी आरशात पाहिलं, मग खिडकीशी जाऊन चौकाच्या दिशेनं खणखणीत आवाजात एक आख्खं अर्ग्युमेंट केलं. कुठे अडखळणं नाही, फुसफुस नाही. खाली सायकलवाले थांबून वर बघू लागले. बाहेरच्या बाकावर शेंदूरजनाघाटच्या पार्वताबाई बसल्या होत्या. त्यांचंही खालचं हाड असंच गेलेलं, भाकर दुधात कुस्करून गिळण्यावर वर्षं काढलेली, आणि डॉक्टरांनी पुढची जाळी त्यांचीच करायचं ठरवलं होतं. त्या सरळ आत आल्या आणि त्यांनी वकिलांच्या तोंडात बोट घालून दात हलवून पाहिला.

“हालत नाई वं माय!” त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून लहान पोरीसारख्या हसत सुटल्या.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. एवढं सुख त्यांना पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

“हे दात बोलायला दिलेत, खायला नाही,” त्यांनी बापूसाहेबांना बजावलं. “होळीपर्यंत मऊ. खिचडी, शिरा, दूधभात. एखादा दाणासुद्धा फोडायचा नाही.”

“होळीपर्यंत मऊ,” बापूसाहेब कोर्टात शपथ घ्यावी तसं म्हणाले.

संक्रांतीच्या सुमाराला ते परत आले. गळ्याभोवती मफलर गुंडाळून कानापर्यंत ओढलेला. थंडी होती, पण मफलर थंडीचा नाही हे डॉक्टरांना जिन्यातल्या पावलांवरूनच कळलं. त्यांनी दात काढले, डाव्या अंगाच्या पुढच्या खुंटावर बोट टेकवून हलकेच दाबलं. उजव्या अंगाचा मागचा खुंट वर उचलला गेला. हिरडीच्या कडेनं पू आला.

डॉक्टर खुर्चीच्या मागं जाऊन उभे राहिले. आपला चेहरा पेशंटला दिसू नये म्हणून.

“काय खाल्लं?”

बापूसाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते डॉक्टरांना नंतर कितीतरी वर्षं विसरता आलं नाही, कारण त्यात पश्चात्ताप नावालाही नव्हता.

चंपाषष्ठीला जाईबाईंच्या घरी खंडोबाचा नैवेद्य असतो. बाळंतीण उठून कामाला लागली होती, तेव्हा त्याच दिवशी वकीलबुवांना जेवायला बोलवावं असं ठरलं. परसात गोवऱ्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले होते. कणकेचे ते घट्ट गोळे, वरून चांगले टणक झालेले. सोबत वांग्याचं भरीत, वरण, तूप. कुंदानं सकाळपासून सगळं स्वतः रांधलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. बापूसाहेबांनी शहाणपणानं रोडगा मोडला, तुपात चुरला आणि वरणात भिजत घातला. तेवढं खाऊन ते उठले असते तर काही बिघडलं नसतं.

“तेवढ्यात जाईबाई आल्या,” ते म्हणाले. “म्हणे, वकीलसायेब, सून सांगत होती तुमचे दात आता हाडातच रोवले हायेत. मंग असं बोळक्या माणसावानी चुरून काहून खाता? सारे हासले. मी हासण्याले भेत नाई, डाक्टर. सवय हाय. पण पोट्टी तुपाचं भांडं घेऊन तिथंच उभी होती. तिनं सांगितलं होतं न त्यायले, अभिमानानं, बापाबद्दल. पथ्याचं मी तिले बोललोच नव्हतो. आता ती खाली पाहून राहिली होती.”

“मग?”

“मंग मी आख्खा रोडगा उचलला अन् दातानं तोडला.”

पंगतीतले हसणारे हात थांबवून बघू लागले. मग व्याही स्वतः “वा, वकीलसाहेब!” म्हणाले. कुंदानं वर पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या घरात ती मान वर करून अशी हसलीच नव्हती. ती पुढं आली आणि तिनं दुसरा रोडगा बापाच्या ताटात आपल्या हातानं ठेवला.

“तो दुसरा चावताना अंदर काईतरी कटकन झालं,” बापूसाहेब म्हणाले. “डाव्या बाजूनं. कळ अशी कानात गेली.”

“तेव्हा तरी थांबायचं!” डॉक्टर ओरडलेच. “बापूसाहेब, एवढे शिकलेले तुम्ही! मोडून, भिजवून खाता आला असता. पोट दुखतं म्हणून उठता आलं असतं!”

“आलं असतं,” बापूसाहेब शांतपणे म्हणाले. “पण पोरीनं वाढलेलं होतं. मी तो पुरा खाल्ला. तिनं तिसरा इचारला तवा पोटावर हात ठेवला.”

डॉक्टर हात धुवायला गेले आणि बराच वेळ हातच धूत राहिले. राग आला होता तो कुणावर काढावा कळेना. जाईबाईवर काढावा तर ती बाई आपल्या स्वभावाप्रमाणं वागली होती. बापूसाहेबांवर काढावा तर त्या माणसाला दात देऊन चावू नको म्हणणारे ते स्वतःच होते. होळीनंतरच दात बसवले असते तर त्या पंगतीत चावायला दातच नसते.

बापूसाहेबांनी त्यांना जवळ बोलावलं.

“एक मागणं हाय. हे कुंदाले कळू देऊ नका.”

“का?”

“तिचा तो एकच दिवस चांगला गेला त्या घरात. आता तिले कळलं की तिच्या हातच्या रोडग्यानं बापाचा जबडा गेला, तर ती जन्मभर चुलीपाशी बसंन तवा रडंन. अन् जाईबाईच्या कानावर गेलं तर बघाच. कढीचं नाव जाऊन हे नाव लागंन. बापाले खाऊ घालून मारणारी.”

“मग मी काय सांगू? ती विचारणारच.”

बापूसाहेबांनी मफलर नीट केला. जन्मभर साक्षीदार उभे केलेला माणूस, पण या वेळी त्यांची नजर डॉक्टरांच्या नजरेला मिळाली नाही.

“सांगजा का जाळी बरोबर बसली नव्हती,” ते म्हणाले. “तुमचा अंदाज चुकला म्हणजा. मले ठाऊक हाय मी काय मागून राहिलो.”

डॉक्टर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी दात काढून घेतले, पेनिसिलिन सुरू केलं, आणि रोज मनातल्या मनात त्या हाडाची विनवणी करू लागले. धर. एवढ्या वेळेला धर. पण एकदा सुटलेलं हाड कुणाचं ऐकत नाही. सरकारी दवाखान्यातून एक्स-रेचा फोटो काढून आणला, त्यात जाळीच्या खाली काळी पोकळी स्पष्ट दिसत होती. सूज वाढली, ताप येऊ लागला. शेवटी होळी आठवड्यावर आली असताना डॉक्टरांनी जाळी काढली. ती काढायला जोर लावावाच लागला नाही, याचंच त्यांना सगळ्यात जास्त रडू आलं.

कुंदा बाहेर बसली होती. तान्ही मुलगी मांडीवर. डॉक्टर बाहेर आले तशी ती उठली.

“बाबा मले काईच सांगत नाईत,” ती म्हणाली. “तुमी सांगा, काका. दिवाळीले तर सारं चांगलं होतं. काय झालं?”

आतून बापूसाहेबांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. तो एकाएकी थांबला. ते ऐकत होते.

“माझा अंदाज चुकला,” कमलाकांत म्हणाले. “जाळी नीट बसली नव्हती.”

कुंदानं त्यांच्याकडे पाहिलं. ती भांडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मंग करायची नव्हती न, काका. येत नाई तर करायची नव्हती.”

अमरावतीत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. जाईबाईंच्या जिभेवर ती चढली, तिथून भाजीबाजारात गेली आणि दोन आठवडी बाजारांच्या आत पार शेंदूरजनाघाटला पोचली. दाताच्या डॉक्टरनं वकिलाच्या हाडात लोखंड घातलं आणि जबडा सडवला. पार्वताबाईंचा मुलगा भगवंत आईला न्यायला आला. तिचं माप घ्यायचा दिवस ठरला होता.

“मले चालते, डाक्टर,” पार्वताबाई उंबऱ्यात अडून म्हणाल्या. “मी हात लावून पायलं होतं. हालत नव्हते. पण पोरगं नाई म्हणते.”

डॉक्टरांना तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्यात. जाळीत खोट नाही हो, रोडग्यानं गेली. पण भगवंतकडून ते वाक्य संध्याकाळच्या आत कुठं गेलं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वहीतली मापाची तारीख खोडली. पार्वताबाई जिना उतरून गेल्या आणि उरलेली वर्षं त्यांनी दुधात कुस्करलेल्या भाकरीवर काढली. दुसऱ्याची लाज राखायची तर तिची किंमत तिसऱ्यानंच कुणीतरी मोजावी, ही गोष्ट डॉक्टरांना कधीच नीट पचली नाही.

नागपूरला दंतवैद्यांची एक बैठक होती, तिथं ते या जाळीबद्दल बोलणार होते. बोलले, पण फार थोडं. कुणीतरी विचारलं, का गेली? “हाडानं धरली नाही,” कमलाकांत म्हणाले. हे खोटंही नव्हतं. त्यावरून तिथल्या चारचौघांनी मान डोलावून ठरवून टाकलं की आपल्या लोकांच्या हाडाला हा प्रकार मानवत नाही, आणि मंडळी चहाला उठली. डॉक्टर बसून राहिले.

विमलनं एकदाच विचारलं, “तुम्ही पुन्हा नाही का करणार?” त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तिनं मेंढ्यांचे जबडे ठेवलेलं पातेलं घासून पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं. ते पातेलं परत मिळावं म्हणून तिनं कितीदा भांडण काढलं होतं, पण त्या दिवशी ते घासताना ती रडत होती.

बापूसाहेबांचं कोर्ट सुटलं. खालच्या जबड्याचं हाड इतकं बारीक राहिलं होतं की त्यावर काहीही टेकवायची सोय नव्हती. त्यांचं बोलणं फक्त ओळखीच्यांना कळे. अधूनमधून ते अकोल्याहून येत, दवाखान्याच्या बाकावर बसत. त्यांना काही दाखवायचं नसे. डॉक्टर काम संपवून शेजारी येऊन बसत. त्या गोष्टीबद्दल दोघांत पुन्हा शब्द निघाला नाही. एकदा उठताना बापूसाहेबांनी डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही, तेवढंच. अन्न कमी कमी होत गेलं. सदुसष्ट सालच्या थंडीत साधा खोकला झाला आणि तेवढंही त्यांना पेललं नाही.

दिवसपाणी आटोपल्यावर कुंदा अमरावतीला परत आली आणि आठवड्याभरानं दवाखान्याचा जिना चढली. सोबत मुलगी, मैना. ती आता शाळेत जायला लागली होती. डॉक्टरांनी खुर्ची पुढं केली, पण कुंदा बसली नाही.

“मले तुमाले सांगाचं होतं,” ती म्हणाली. “बाबा होते तवर बोलली नाई. ते मले बोलू देत नव्हते. कमलाकांतले काई म्हणायचं नाई, म्हणत. तुमच्यावर फार जीव होता त्यायचा. पण मी इसरली नाई. माझ्या बापानं पाच वर्षं पेज पिऊन काढली, काका. शेवटी शेवटी त्यायचं बोलणं मलेच समजत होतं, दुसऱ्याले नाई. वकील होते ते.”

“हो,” डॉक्टर म्हणाले.

“तुमाले नाव कमवाचं होतं. वऱ्हाडात पयले म्हणून.”

“हो.” हेही काही खोटं नव्हतं.

मैना कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात पाहत होती. कुंदानं तिला जवळ ओढून घेतलं. तिचा आवाज आता खाली आला.

“माझ्यापाशी त्यायचा एकच दिवस हाय. चंपाषष्ठीले आमच्याकडे जेवाले आले होते. ही पाळण्यात होती. माझ्या हातचे दोन रोडगे खाल्ले त्यायनं, आख्खे, दातानं तोडून. साऱ्या पंगतीसमोर. त्या दिवसापासून सासूबाईनं मले त्या नावानं कधी हाक नाई मारली. मले कसंबी झालं न काका, का मी तो दिवस काढून बसते. रोज बसते. पण आता ते गेले तवापासून एक डोक्यात आलं हाय, ते जातच नाई. कोणाले इचारू? तुमालेच ठाऊक असंन.”

डॉक्टरांनी खुर्चीची पाठ धरली.

“जाळी पयलेपासूनच नीट नव्हती म्हणता. मंग त्या दिवशी, जेवताना, त्यायले दुखत तर नव्हतं न?”

खाली चौकात टांगेवाला कुणाला तरी हटकत होता. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ताट आलं, दुसरा रोडगा आला, तो ठेवणारा हात आला. कटकन आवाज झाल्यावरही खाली न ठेवलेला तो उरलेला घास आला.

“नाही गं,” कमलाकांत म्हणाले. “दुखणं नंतरचं. त्या दिवशी काहीसुद्धा दुखत नव्हतं. मला स्वतः सांगितलं ना त्यांनी, इतकं चांगलं कधी जेवलो नाही म्हणून.”

कुंदानं डोळे मिटले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मैनेचा हात धरला.

“चला, तेवढं तरी तुमच्या हातून चांगलं झालं,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.